बॉक्स्टर ट्रॅफिकमध्ये तापते, एसीपण गरम, हायवेला मात्र एकदम ठीक. वॉटर पंप बदलायचा का?

फ्लॅटसिक्स_माटुंगा

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझ्याकडे २००७ची पोर्शे बॉक्स्टर आहे, ९८७ बॉडी (पोर्शेचा त्या पिढीचा मॉडेल नंबर), २.७ लिटर, मॅन्युअल गिअर. दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली, त्यासाठी बारा-तेरा वर्षं पैसे बाजूला टाकत होतो, त्यामुळे गाडीला जरा काही झालं की मला झोप लागत नाही हे आधीच सांगतो.

प्रॉब्लेम असा. एप्रिलपासून सिग्नलला उभं राहिलं की टेम्परेचरचा काटा ८० सोडून वर सरकायला लागतो. माहीम कॉजवे किंवा कलानगरला दहा मिनिटं अडकलो की चांगलाच वर जातो, आणि त्याच वेळी एसीतून साधी हवा यायला लागते. तसाच पुढे सी लिंकवर चढलो की पाच मिनिटांत काटा खाली आणि एसी परत थंडगार. कोस्टल रोडला ८०ने जाताना तर काहीच तक्रार नाही. गेल्या आठवड्यात आईला घेऊन हिंदुजा हॉस्पिटलला चाललो होतो, मध्येच एसी बंद करून काचा खाली कराव्या लागल्या, मे महिन्याच्या दुपारी, तिचा चेहरा बघून मला फार वाईट वाटलं.

एका गॅरेजला दाखवली. त्यांनी दहा मिनिटं बघून वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि दोन्ही रेडिएटर बदला म्हणून सांगितलं, एस्टिमेट तीन लाखांच्या पुढे. काय तपासलं विचारलं तर नीट उत्तर नाही. पैसे लागणार असतील तर लावीन, पण आधी खरंच काय गेलंय ते कळायला हवं. कूलंटची लेव्हल मागच्या डिकीतल्या टाकीत बघितली, मिनिमम आणि मॅक्सिममच्या मध्ये आहे. खाली डाग नाही, गोडसर वास नाही.

मी स्वतः तेल, फिल्टर, ब्रेक पॅड एवढं केलंय. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम जमेल का? सुरुवात कुठून करू?

मल्टीमीटर_मुलुंड

थांब, एक पैसाही खर्च करू नकोस अजून.

तू उत्तर स्वतःच लिहिलंयस, उभी असली की तापते आणि चालली की निवते. पंप गेला असता ना, म्हणजे त्याचा इंपेलर (पाणी ढकलणारं आतलं चक्र) झिजला किंवा तुटला असता, तर पाणी फिरणंच कमी झालं असतं आणि मग वेगातपण, खास करून घाट चढताना, त्रास झाला असता. तुझ्याकडे गाडी पळायला लागली की रेडिएटरमधून वारा जातो आणि सगळं नीट होतं, म्हणजे पाणी फिरतंय, वारा मिळत नाहीये. आणि एसीचा कंडेन्सर (एसीचा गॅस थंड करणारी जाळी) त्याच रेडिएटरच्या पुढ्यात बसलेला असतो, त्याला वारा मिळाला नाही की गॅसचं प्रेशर चढतं आणि कॉम्प्रेसर कट होतो. दोन तक्रारी दिसतात पण कारण एकच आहे.

तर पहिला संशय पंख्यांवर. या गाडीत इंजिन मागे असलं तरी रेडिएटर पुढे आहेत, डाव्या-उजव्या चाकांच्या पुढे एकेक, आणि प्रत्येकामागे एक पंखा. त्या पंख्यांना दोन स्पीड. हळू स्पीडसाठी करंट एका रेझिस्टरमधून जातो, फास्टला थेट. तो रेझिस्टर चांगलाच तापतो, वर तिथेच पाणी, चिखल, खारी हवा, त्यामुळे काही वर्षांनी जळतो, बॉक्स्टरच्या ९८६, ९८७ आणि ९११च्या ९९६, ९९७ पिढ्या, सगळ्यांत हे होतं. जळला की हळू स्पीड गायब. पंखा एकदम फास्टवरच येतो, तोपर्यंत पाणी बरंच तापलेलं असतं, म्हणून आपल्याला वाटतं पंखा चालतोय की.

टेस्ट अशी कर: गाडी थंड असताना सकाळी स्टार्ट कर, एसी चालू कर, खाली उतर आणि पुढच्या बंपरच्या दोन्ही जाळ्यांपाशी कान लाव. दोन्हीकडे पंखा हळू फिरल्याचा आवाज यायला पाहिजे, आतला वारापण जाणवतो. एका बाजूला शांतता असेल तर त्या बाजूचा रेझिस्टर, फ्यूज, रिले किंवा मोटर. आणि एक ओबीडीचा ब्लूटूथ डोंगल (गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटला लागतो तो) घे, मोबाइलवर पाण्याचं खरं तापमान दिसेल, काट्यावर जाऊ नकोस, तो ८०वर दाखवतो तेव्हाही पाणी प्रत्यक्षात ९०च्या पुढे असतं.

फ्लॅटसिक्स_माटुंगा

दादा, आज सकाळी साडेसहाला खाली जाऊन केलं. उजवीकडे आवाज येतोय, डावीकडे काहीच नाही!! वॉचमनकाकांनापण ऐकायला लावलं, तेपण म्हणाले इकडे बंद आहे.

मग बाकीचं ट्रॅफिकमध्ये बघायचं म्हणून डोंगल लावून ऑफिसला गेलो. कलानगरला ११२ पर्यंत चढलं आणि मग डावा पंखा एकदम जोरात सुरू झाला, म्हणजे मोटर आणि फास्ट स्पीड जिवंत आहे. पुढे बीकेसीच्या मोकळ्या रस्त्यावर ९३ला आलं. तुम्ही म्हणालात तस्संच.

फ्यूज काढून बघितले, ठीक आहेत. आता रेझिस्टर बदलला की झालं का?

वेसावे_९८६एस

रेझिस्टर बदलच, पण तेवढ्यावर थांबू नकोस असं कळकळीने सांगतो. माझी ९८६ एस आहे, तिला पुढे मधोमध तिसरा रेडिएटर, आणि गाडी कित्येक वर्षं समुद्रापासून चार पावलांवर उभी असते. मी रेझिस्टर बदलला होता आणि पुढच्याच उन्हाळ्यात परत तापायला लागली.

तू माटुंग्याचा, गाडी झाडाखाली असते ना? गुलमोहोर, पर्जन्यवृक्ष, सोनमोहोर? या सगळ्यांची पानं म्हणजे बारीक बारीक पर्णिका, ती बंपरच्या तोंडातून आत ओढली जातात आणि कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत जाऊन बसतात. बाहेरून टॉर्च मारून बघितलंस तर कंडेन्सरचा पुढचा चेहरा स्वच्छ दिसेल, खरा कचरा त्याच्या मागे असतो, तो बंपर काढल्याशिवाय दिसतच नाही. मी उघडलं तेव्हा आत अक्षरशः कुंडीतली माती होती, काळी, ओली, त्यात वेफरच्या पाकिटाचा तुकडा आणि पतंगाचा मांजा. खालचा एक तृतीयांश रेडिएटर पूर्ण बंद. आणि तो ओला थर खाऱ्या हवेबरोबर ॲल्युमिनियम खात बसतो ते वेगळंच, माझ्या एका कंडेन्सरच्या खालच्या पट्ट्या बोट लावल्यावर पिठासारख्या गळल्या.

बंपर काढणं दिसतं तेवढं भीतीदायक नाही. टॉर्क्सचा (चांदणीच्या आकाराच्या स्क्रूचा) सेट लागतो. पुढचं झाकण उघडून वरच्या कडेचे स्क्रू, चाकाच्या कमानीत दोन्ही बाजूंचे, मग खालून पोटाचे. इंडिकेटरच्या आणि बाहेरच्या तापमानाच्या सेन्सरच्या वायरी आठवणीने काढायच्या, नाहीतर बंपर ओढताना तुटतात. फेंडरच्या कडेला मास्किंग टेप लाव, दोघं जण लागतातच, एकट्याने ओढलास तर एक टोक खाली आपटून रंग जाणार. स्क्रू काढशील तसे थर्माकोलच्या तुकड्यावर त्याच जागेच्या क्रमाने खोचून ठेव, वेगवेगळ्या लांबीचे असतात.

मग कंडेन्सरचे वरचे-खालचे स्क्रू सोडले की तो पुढे थोडा झुकतो, एसीचे पाइप उघडायची अजिबात गरज नाही, गॅस आतच राहतो. फक्त जोर लावू नकोस, पाइप वाकतील. फटीतला सुका कचरा आधी व्हॅक्युमने काढ, मग जुन्या रंगाच्या मऊ ब्रशने, शेवटी बागेच्या पाइपने हलकं पाणी. प्रेशर वॉशर लावलास तर त्या बारीक पट्ट्या आडव्या होतात आणि वारा कायमचा अडतो.

पार्ल्याची_पेट्रोलहेड

वरचं सगळं बरोबर आहे, फक्त दोन-तीन गोष्टी राहिल्यात आणि त्या महागात पडू शकतात म्हणून लिहिते. माझ्याकडे पण ९८७च आहे.

पहिली, बॅटरी. पंख्याजवळ हात घालायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढाच. पण ९८७चं पुढचं झाकण इलेक्ट्रिक आहे आणि बॅटरी त्याच झाकणाखाली आहे! निगेटिव्ह काढून झाकण लागलं तर तुम्ही बाहेर आणि बॅटरी आत. माझ्या भाच्याने मदत म्हणून प्रेमाने झाकण लावलं होतं, रविवारची संध्याकाळ गेली. त्यामुळे लॉकवर जाड फडकं बांधून ठेवा. आणि लागलंच तर घाबरू नका, पायापाशी जो फ्यूज बॉक्स आहे त्यात बाहेर ओढता येणारं पॉझिटिव्ह टर्मिनल असतं, दुसऱ्या बॅटरीचा प्लस तिथे आणि मायनस दाराच्या चौकटीतल्या लोखंडी हुकाला लावला की तेवढ्या करंटवर झाकण उघडतं. अलार्म वाजेल, रिमोटने बंद करायचा. पण ती वायर बारीक असते, तिथून गाडी स्टार्ट करायला जाऊ नका.

दुसरी, जॅक. सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर जॅक खचतो, खाली जाड प्लायचा तुकडा हवाच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, एका मिनिटासाठीसुद्धा, डोकं घालायचं नाही. घोड्या (जॅक स्टँड) लावा, हँडब्रेक, मागच्या चाकांना लाकडाचे ठोकळे. आणि कंपनीने दिलेल्या पॉइंटवरच जॅक लावा, मध्ये कुठेही लावलात तर खालचे कूलंटचे पाइप चेपतील, ते गाडीच्या पोटाखालून पुढपासून मागपर्यंत जातात.

तिसरी गोष्ट कोणी बोलत नाही. कचरा काढायच्या आधी रेडिएटरचा खालचा कोपरा नीट बघा, फोटो काढा. तिथे पांढरट-हिरवट किंवा गुलाबीसर खपली दिसली तर समजा आधीच बारीक गळती आहे आणि त्या चिखलानेच ती धरून ठेवलीये. माझं तेच झालं. स्वच्छ धुतलं, खूश झाले, आणि दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये थारोळं. त्यात धुण्याची काही चूक नव्हती, रेडिएटर आधीच गेला होता. पण माहीत असतं तर काम मीटिंगच्या दोन तारखांच्या मध्ये काढलं नसतं आणि रेडिएटर आधी मागवून ठेवला असता.

कूलंट उघडायची वेळ आलीच तर गाडी पूर्ण थंड झाल्यावरच, निदान चार तास. गरम झाकण उघडलं की उकळतं पाणी तोंडावर येतं. भरताना नळाचं पाणी नाही, डिस्टिल्ड. आणि जे कूलंट आत आहे त्याच जातीचं, कोपऱ्यावरच्या दुकानातलं हिरवं त्यात ओतू नका. इंजिन मागे, रेडिएटर पुढे, त्यामुळे या सिस्टीममध्ये हवा अडकायला जागाच जागा. मागच्या डिकीत भरायच्या झाकणाशेजारी हवा काढायचा व्हॉल्व्ह आहे, त्याची तारेची कडी वर उचलून भरा आणि लेव्हल बसेपर्यंत दोन-तीन फेऱ्या पुन्हा पुन्हा बघा.

टर्बोलॅग_ठाणे

२००७ची आहे ना, आयएमएस बेअरिंग (इंजिनातल्या इंटरमीजिएट शाफ्टचं) बघितलं का? हे सगळं करण्यापेक्षा आधी ते.

मल्टीमीटर_मुलुंड

@टर्बोलॅग_ठाणे आयएमएसचा आणि तापण्याचा संबंध नाही. शिवाय त्याच्या वर्षाच्या इंजिनात मोठं बेअरिंग आहे, ते इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय बदलताच येत नाही. तेल बदलताना जुना फिल्टर कापून त्यात धातूचे कण आहेत का बघायचे, एवढं त्याने करत राहावं. इथे तो विषय नको, माणूस उगाच घाबरेल.

@फ्लॅटसिक्स_माटुंगा, रेझिस्टर बदलायच्या आधी मोजून घे. कनेक्टर काढून दोन टोकांना मीटर लाव, चांगला असेल तर एक ओहमपेक्षाही कमी दाखवेल, जळला असेल तर ओपन, आकडाच येणार नाही. मीटर नसेल तर लॅमिंग्टन रोडला चांगला घेऊन टाक, पुढे आयुष्यभर लागतो. कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्यात का तेपण बघ, कधीकधी रेझिस्टर ठणठणीत असतो आणि पिनच खाल्लेली असते. आणि जुळवाजुळव करून दुसऱ्या गाडीचा रेझिस्टर लावू नकोस, ओरिजिनल नंबरचाच. कुर्ल्याला सीएसटी रोडला मिळेल कोणी म्हणेल, पण दुसऱ्या गाडीतून काढलेला रेझिस्टर म्हणजे तितकाच जुना माल.

पंपाची शंका उरली असेल तर तीही काढून टाक. सीटच्या मागचं पॅनल उघडलं की इंजिनाची बेल्टची बाजू दिसते. इंजिन बंद, थंड, बेल्ट सैल करून पंपाची पुली हाताने हलव. खेळ नको, खरखर नको, खाली सुकलेल्या कूलंटचा ओघळ नको.

फ्लॅटसिक्स_माटुंगा

मंडळी, झालं. तीन आठवड्यांनी लिहितोय कारण रेझिस्टर यायला वेळ लागला.

शनिवारी सकाळी सातला मी आणि धाकटा भाऊ बसलो. सेक्रेटरींना आधीच सांगून पाहुण्यांच्या पार्किंगची कोपऱ्यातली जागा मागून घेतली होती. बॅटरी काढली, लॉकवर जुना टॉवेल बांधला (ताई, तुमचे आभार, कारण दुपारी जोराचा वारा सुटला तेव्हा झाकण खरंच आपटलं). बंपर निघायला दीड तास लागला, त्यातला अर्धा तास चाकाच्या कमानीतल्या एका गंजलेल्या स्क्रूने खाल्ला, त्याला गंज सोडवायचा स्प्रे मारून चहा पिऊन आलो तेव्हा सुटला.

आणि मग कंडेन्सर पुढे झुकवला. काय सांगू. डाव्या बाजूला पानांची गादी होती, बोटभर जाड, वर गुलमोहोराच्या या वर्षीच्या लाल पाकळ्या आणि खाली जुन्या पानांचं काळं खत. उजवीकडे त्याच्या निम्मं. भावाने सगळं एका घमेल्यात काढलं तर घमेलं जवळजवळ भरलं, सोसायटीच्या माळीबुवांनी ते कुंड्यांना नेलं. इतकी वर्षं त्या गाडीने एवढ्यातून श्वास घेतला याचं मला राहून राहून वाईट वाटत होतं.

डावा रेझिस्टर मोजला, ओपन. पिना ठीक. नवीन बसवला. सीटच्या मागचं पॅनल उघडून पंपपण बघितला, पुली घट्ट, कोरडी, आवाज नाही. म्हणजे जो पंप बदलायला सांगितला होता त्याला काहीही झालेलं नाही.

पार्ल्याच्या ताईंनी सांगितलेला खालचा कोपरा आधीच बघितला होता. रेडिएटर दोन्ही कोरडे. पण डाव्या कंडेन्सरच्या खालच्या तीन-चार ओळींच्या पट्ट्या गळून गेल्यात, वेसावेकर म्हणाले तशाच, पीठ. नळ्या अजून शाबूत आहेत, तेलाचा डाग नाही, म्हणजे गॅस गळत नसावा. हा हिवाळ्यात बदलीन, तोपर्यंत महिन्याला एकदा टॉर्च लावून बघणार.

बंपर परत लावायच्या आधी दोन्ही तोंडांना आतून ॲल्युमिनियमची जाळी कापून केबल टायने बसवली, लोहार चाळीतनं आणली, अडीचशे रुपये. एकूण खर्च एस्टिमेटच्या दहाव्या भागाच्याही आत, त्यातपण मीटर आणि टॉर्क्सचा सेट आता घरचाच झाला.

रविवारी मुद्दाम दुपारी दोनला बाहेर काढली. एसी चालू, दोन्ही पंखे हळू फिरतायत, दोन्हीकडे कान लावून ऐकलं. माहीमला पंचवीस मिनिटं अडकलो, १०१च्या वर गेलं नाही, आणि एसी शेवटपर्यंत थंड. आई शेजारी होती, वरळीपर्यंत झोपली.

एक विचारायचं राहिलं. आता पाऊस तोंडावर आलाय, गाडी तशीच झाडाखाली असणार, दुसरी जागा नाही. छताच्या मागच्या कोपऱ्यातली पाणी जायची भोकंपण याच पानांनी भरली असणार ना? ती कशी साफ करायची?

वेसावे_९८६एस

शंभर टक्के भरली असतील, आणि हे या आठवड्यातच कर, पहिल्या मोठ्या सरीच्या आधी. छत अर्धं उघडून थांबव, मागचं झाकण वर आलं की दोन्ही कोपऱ्यांत खोलगट भाग दिसेल, तिथेच भोक आहे. वरची पानं हाताने काढ, मग गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी असते ना, ती टोक गोल करून हळूहळू आत सरकव. कॉम्प्रेसरची हवा मारू नकोस, आतली नळी निखळते आणि मग पाणी सरळ सीटखाली. माझ्या ९८६मध्ये सीटखाली अलार्म आणि इमोबिलायझरचं युनिट आहे, ते एकदा भिजलं आणि गाडी महिनाभर जागची हलली नाही. तुझ्यात काय काय आहे ते सीट वर करून बघ, पण बॅटरी काढल्याशिवाय सीटखालचे एअरबॅगचे कनेक्टर सोडू नकोस.

मोकळं झालं की तांब्याभर पाणी ओत, मागच्या चाकाच्या पुढे खाली लगेच धार पडली पाहिजे. दोन्ही बाजूंनी. आणि पुढे काचेखाली, बॅटरीच्या आसपास पाणी जायच्या जागा आहेत, त्याही बघून घे, तिथे पिंपळाचं रोप उगवलेली एक गाडी मी स्वतः बघितलीये.